जुन्या एमजीबीचं वायरिंग: उपटायचं किती, ठेवायचं किती

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. नागपूरला धरमपेठेतल्या घराच्या पोर्चमध्ये वडिलांची १९६६ची एमजीबी, ती इंग्लिश स्पोर्ट्स गाडी, अकरा वर्षं ताडपत्रीखाली उभी होती. इंजिन सुरू झालं, पण हेडलाइट देवघरातल्या समईएवढे पेटतात, हॉर्न त्याच्या मर्जीनं वाजतो आणि डॅशबोर्डखाली हात घातला की वायरचं आवरण पापडासारखं मोडून हातात येतं. एक इलेक्ट्रिशियन म्हणतो, सगळं काढून टाका, नव्या हॅचबॅकचं वायरिंग बसवून देतो. मित्र म्हणतो, एकही वायर हलवू नका, गाडीची किंमत जाईल. तुम्हाला मात्र गाडी शोभेला ठेवायची नाही, रविवारी रामटेकपर्यंत न्यायची आहे, आणि तीही बारा महिने.

दोघांचंही ऐकू नका. या गाडीच्या वायरिंगचा आराखडा उत्तम आहे. वायर म्हाताऱ्या झाल्या आहेत, आणि काही ठिकाणी करंटला उगाच लांबून फिरून जावं लागतं. आधुनिक करणं म्हणजे माझ्या लेखी एवढंच: करंटचा रस्ता जवळचा करायचा, प्रत्येक रस्त्याच्या तोंडाशी फ्यूज बसवायचा, आणि हे करताना मूळचे रंग जसेच्या तसे ठेवायचे. चार्जर, म्युझिक, एलईडी हे त्यानंतरचे लाड.

हॅचबॅकचं वायरिंग का नको, ते आधी सांगतो. तो हार्नेस, म्हणजे वायरींचा बांधलेला गुच्छ, त्या गाडीच्या स्विचसाठी, त्या गाडीच्या कंट्रोल युनिटसाठी बनलेला असतो. तुमच्या एमजीत त्यातल्या अर्ध्या वायरींना जायला जागाच नाही. मग त्या कापून, टेप गुंडाळून डॅशच्या मागे कोंबतात. सहा महिन्यांनी इंडिकेटर बंद पडला की कुठली वायर कुठे जाते हे बसवणाऱ्यालाही आठवत नाही. अशा दोन गाड्या मी मोकळ्या केल्या आहेत. नवीन बसवायला लागले नसतील एवढे दिवस ते गुंतवळ सोडवायला गेले.

मी कामठी रोडवर अँबेसिडर आणि फियाटच्या डायनामोंवर, म्हणजे इंजिनच्या पट्ट्यावर फिरून वीज बनवणाऱ्या यंत्रांवर, हात काळे करत शिकलो. त्याचा तुम्हाला फायदा असा की तुमची एमजी आणि आपली अँबेसिडर एकाच घराण्यातल्या. अँबेसिडरचं जुनं १४८९ सीसी पेट्रोल इंजिन आणि एमजीबीचं १७९८ सीसी इंजिन, दोन्ही बीएमसीची, म्हणजे ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनची 'बी सिरीज'. विजेचं सामान दोघींना लुकास या ब्रिटिश कंपनीचं. १९६१ साली लुकासनं टीव्हीएसबरोबर मद्रासला कंपनी काढली, त्यामुळे लुकासचे रंग आपल्याकडच्या जुन्या मिस्त्र्यांना पाठ आहेत. विलायतेतले लोक लुकासला थट्टेनं 'अंधाराचा राजपुत्र' म्हणतात. मला ती थट्टा अन्यायाची वाटते. साठ वर्षं गंज खाल्लेल्या पितळी जोडांचं खापर आराखड्यावर फोडायचं, हा कुठला न्याय?

तर ते रंग. तपकिरी, ज्याला आपण दुकानात चॉकलेटी म्हणतो, ती थेट बॅटरीतून येते: मध्ये स्विच नाही, फ्यूज नाही. पांढरी किल्ली फिरवल्यावर जिवंत होते, तिलाही फ्यूज नाही. हिरवी म्हणजे पांढरीच, पण फ्यूजमधून गाळून आलेली. जांभळी म्हणजे तपकिरीच, पण फ्यूजनंतरची. लाल पार्किंगची, निळी हेडलाइटची, त्यात निळीवर पांढरी रेघ म्हणजे अप्पर आणि निळीवर लाल रेघ म्हणजे डिपर. काळी बॉडीला, म्हणजे अर्थला. ही एवढी बाराखडी आली की एमजीबीचा डायग्राम वर्तमानपत्रासारखा वाचता येतो.

त्या चॉकलेटी वायरीची एक आठवण माझ्या उजव्या तळहातावर आहे. वीसेक वर्षांपूर्वी एका स्टँडर्ड हेराल्डचा डॅश काढत होतो. बॅटरी काढली नव्हती, 'दोन मिनिटांचं तर काम आहे' म्हणून. पान्हा इग्निशन स्विचच्या मागच्या चॉकलेटी टोकाला लागला आणि दुसरीकडून स्टीअरिंगच्या दांड्याला. पान्हा तिथेच चिकटला. दहा सेकंदांत डॅशमागून बॉनेटपर्यंतच्या गुच्छातून पांढरा धूर निघाला, कारण त्या वायरीवर वितळायला फ्यूजच नव्हता, म्हणून वायरच वितळत गेली, आणि शेजारच्या अकरा वायरी सोबत घेऊन गेली. मी बॅटरीचा क्लॅम्प नुसत्या हातानं उपसला. उस्ताद चहा पीत बसले होते. धूर निवल्यावर म्हणाले, "करंट आंधळा नसते बे, त्याले जवळचा रस्ता बरोबर दिसते." तेव्हापासून बॅटरी सुटल्याशिवाय मी डॅशखाली हात घालत नाही. तुमच्या गाडीत बॅटऱ्या सीटच्या मागच्या झाकणाखाली आहेत, सहा-सहा व्होल्टच्या दोन, एकामागे एक जोडलेल्या. तिथवर हात पोचायला वेळ लागतो, म्हणून पहिलं काम बॅटरीच्या अर्थवर एक चांगला कट-ऑफ स्विच. त्या दोन बॅटऱ्यांच्या जागी एकाच खोबणीत बसणारी एक १२ व्होल्टची बसवली तरी चालेल, मी बसवतोच.

आता वायर कापण्याआधी मीटर लावा. मल्टिमीटर डीसी व्होल्टवर ठेवा, हेडलाइट लावा, एक टोक बॅटरीच्या जिवंत बाजूला, म्हणजे बॉडीला न जोडलेल्या टोकाला, आणि दुसरं हेडलाइटच्या मागच्या जिवंत पिनला. जो आकडा येईल तेवढे व्होल्ट वाटेत खर्च झाले. मग तसंच अर्थच्या बाजूनं, दिव्याच्या काळ्या वायरीपासून बॅटरीच्या अर्थच्या टोकापर्यंत. दोन्ही मिळून अर्ध्या व्होल्टच्या आत असेल तर त्या वाटेला हात लावायचं कारण नाही. तुमच्या गाडीत दोनच्या आसपास निघाले तरी मला नवल वाटणार नाही. साध्या बल्बचा उजेड व्होल्टेजपेक्षा फार वेगानं पडतो. व्होल्टेज दहा टक्क्यांनी घटलं की उजेड जवळपास तीस टक्क्यांनी जातो. समईचं गणित ते हे.

माझ्या अनुभवात त्यातला निम्मा दोष अर्थच्या बाजूला निघतो. पुढच्या दिव्यांच्या काळ्या वायरी आतल्या मडगार्डवर एका स्क्रूखाली येतात. वरून दोनदा रंग मारलेला असतो, म्हणजे मध्ये रंगाचा पापुद्रा. स्क्रू काढा, पॉलिश पेपरनं चकचकीत पत्रा दिसेपर्यंत घासा, काटेरी वॉशर घाला, आवळा आणि वरून पेट्रोलियम जेली लावा. इंजिनपासून बॉडीपर्यंत जाणारी विणीची अर्थपट्टीही बघा. एकदा एका गाडीचा सेल्फ मारला तर चोकची केबल गरम होऊन तिचं आवरण धुमसायला लागलं. मालक घाबरला. अर्थपट्टी तुटलेली होती, आणि सेल्फचा शेकडो अँपिअरचा करंट परत जायला चोकच्या केबलीतून वाट काढत होता. दोनशे रुपयांची पट्टी घातली आणि 'सेल्फ कमजोर झालाय' ही वर्षभराची तक्रारही गेली.

हे करून झाल्यावरच नव्या हार्नेसचा विचार. तुमचं आवरण पापडासारखं तुटतंय म्हणजे मधला, डॅशचा हार्नेस गेलाच, तो बदला. नागपुरात बंद पोर्चमध्ये सुद्धा मे महिन्यात ४५ अंश असतात. उन्हात उभ्या गाडीच्या डॅशमागे आणि चालत्या गाडीच्या बॉनेटखाली किती होत असतील याचा अंदाज करा. जुनं पीव्हीसी त्या भट्टीत कडक होतं. मागचा, डिकीकडे जाणारा भाग मात्र बहुतेक वेळा शाबूत निघतो, तो टेस्ट करून ठेवता येतो. एमजीबीचे तयार हार्नेस इंग्लंडमध्ये अजून बनतात, चेसिस नंबरच्या टप्प्यानुसार, पूर्वीसारखे कापडी विणीतलेही. मागवताना तुमचं सालच नाही, चेसिस नंबर द्या, आणि डायनामोऐवजी नव्या पद्धतीचा अल्टरनेटर बसवणार असाल तर तेही सांगा. इथेच बनवून घेणार असाल तर वायर निवडताना डोळे उघडे ठेवा. जुनी ब्रिटिश मोजणी तारांची: ०.३० मिमीच्या १४ तारा म्हणजे साधारण १ चौरस मिमी, २८ तारा म्हणजे २, ४४ तारा म्हणजे ३. पीव्हीसी आवरणात पहिली साधारण पावणेनऊ अँपिअरची, दुसरी साडेसतराची, तिसरी साडेसत्तावीसची. आपल्या उन्हात मी एक पायरी जाड घेतो. घरच्या फिटिंगची वायर गाडीत घालू नका. तिचं आवरण तेल आणि इंजिनची धग सोसायला केलेलं नसतं. स्वस्त वायर दिसली तर एक तार ब्लेडनं खरवडा. आतून पांढरी निघाली तर ते तांब्याचा मुलामा दिलेलं ॲल्युमिनियम आहे, दुकानदाराला परत करा.

यानंतर येतो प्लस अर्थचा मुद्दा. १९६७ सालापर्यंतच्या एमजीबीत बॅटरीचं प्लस टोक बॉडीला असतं. आजची जवळपास प्रत्येक इलेक्ट्रॉनिक वस्तू मायनस बॉडी धरून बनते. उलटं करणं अवघड नाही, पण विसरलेली एक गोष्ट पुरते. बॅटरीची टोकं बदलायची, ठिणगीसाठी व्होल्टेज वाढवणाऱ्या कॉइलच्या दोन वायरी अदलाबदल करायच्या. डायनामो ठेवणार असाल तर त्याच्या वायरी सुटलेल्या असताना, बॅटरी नव्या पद्धतीनं जोडून, जिवंत टोकाची एक वायर त्याच्या 'एफ' पिनला दोन-तीनदा नुसती टेकवायची. बारीक ठिणगी उडते आणि त्याला नवी दिशा कळते. पेट्रोल ओढणारा जुना पंप उलटसुलट कसाही चालतो, पण कुणी मध्ये नवा इलेक्ट्रॉनिक किंवा डायोड घातलेला पंप बसवला असेल तर तो उलट जोडल्यावर कायमचा झोपतो. म्हणून डिकीच्या पुढे उजव्या बाजूला खाली वाकून पंपावरची चिठ्ठी वाचा. हीटरचा पंखा उलट फिरायला लागू शकतो, त्याच्या दोन वायरी बदलल्या की झालं. अर्थात नागपुरात हीटर कोण लावतो, पण डिसेंबरात एखादा पाहुणा हौसेनं लावतोच.

खरी अडचण टॅकोमीटरची, म्हणजे इंजिनचे फेरे दाखवणाऱ्या काट्याची. तुमच्या सालचा टॅको इग्निशनच्या पांढऱ्या वायरीतला करंट ओळखून आकडा दाखवतो. ती वायर त्याच्या पाठीमागे एका वळशानं जाते. ध्रुव उलटले की तो वळसा उलटा करायचा आणि आतल्या दोन वायरी बदलायच्या. डबी उघडताना काटा वाकवू नका, लोकरीच्या धाग्याएवढा नाजूक असतो. हे काम मी स्वतः रात्री दुकान बंद झाल्यावर करतो, कारण मध्ये कुणी 'काय करून राहिले भाऊ' म्हणत खांद्यावर हात ठेवला की काटा गेला.

आणि आता अल्टरनेटर. यावर थोडा थांबतो, कारण इथेच नागपूरचं आणि इंग्लंडचं हवामान वेगळं पडतं. तुमच्या डायनामोची ताकद पूर्ण वेगात २२ अँपिअर, आणि आयडलवर जवळपास काहीच नाही. अॅबिंग्डनच्या कारखान्यात ज्यांनी ही गाडी बनवली त्यांच्या डोळ्यांसमोर मोकळे रस्ते आणि थंड हवा होती. तुम्ही व्हरायटी चौकात मे महिन्याच्या संध्याकाळी सिग्नलला उभे आहात असं समजा. हेडलाइट १० अँपिअर, पार्किंग, टेल आणि डॅशचे दिवे मिळून तीनेक, कॉइल चार, पाय ब्रेकवर म्हणून ब्रेकलाइट साडेतीन, आणि इंजिन उकळू नये म्हणून बसवलेला इलेक्ट्रिक पंखा आठ ते दहा. तीसच्या घरात गेले. इंजिन आयडलवर, म्हणजे हे सगळं बॅटरी एकटी ओढते. तीन सिग्नलांनंतर पंखा मंदावतो, तापमानाचा काटा चढत जातो, आणि मालक म्हणतो रेडिएटर खराब आहे. रेडिएटर ठीक असतो.

१९६७च्या शेवटी एमजीनंही डायनामो सोडून ३४ अँपिअरचा अल्टरनेटर घेतला आणि त्याच वेळी मायनस अर्थ केला. म्हणजे तुम्ही जे करताय ते कारखान्यानं एका वर्षानंतर केलंच होतं. गाडीचा अपमान होतोय असं वाटून घेऊ नका. लुकासचा तो जुना अल्टरनेटर मिळाला तर सर्वांत सरळ. नाही मिळाला तर छोट्या भारतीय गाडीचा ४५ अँपिअरच्या आसपासचा, आत रेग्युलेटर असलेला चालतो, फक्त ब्रॅकेट आणि पुली एका रेषेत आणायला लेथवाल्याकडे एक चक्कर होईल. नव्वद अँपिअरचा बसवायची हौस करू नका. तुमच्या गाडीला एवढं लागत नाही.

जोडणी करताना जुना कंट्रोल बॉक्स, ज्याला आपण कटआउट म्हणतो, तो दिसायला जागेवर ठेवा पण आतून रिकामा करा. त्याच्या 'बी' पिनवरच्या चॉकलेटी वायरी त्याच्याच आत एका जाड पट्टीनं जोडून ठेवायच्या. बॉनेट उघडणाऱ्याला गाडी मूळचीच दिसते. डायनामोची जुनी जाड वायर २२ अँपिअरच्या हिशेबाची, तिच्यावर भरवसा न ठेवता अल्टरनेटरपासून सेल्फच्या सोलेनॉइडपर्यंत, म्हणजे सेल्फला बॅटरी जोडणाऱ्या मोठ्या स्विचपर्यंत, ६ चौरस मिमीची नवी केबल टाका आणि तिच्यावर ५०-६० अँपिअरचा मोठा फ्यूज. चॉकलेटी-पिवळी बारीक वायर चार्जिंगच्या लाल दिव्याकडून येते, ती अल्टरनेटरच्या छोट्या पिनला. त्या दिव्यात एलईडी घालू नका. अल्टरनेटर जागा होतो तो त्या २.२ वॅटच्या बल्बमधून येणाऱ्या करंटवर. एलईडीतून तेवढा करंट जातच नाही. मग तुम्ही इंजिन तापवून, रेस करून 'चार्ज का होत नाही' म्हणत बसता.

हेडलाइटसाठी दोन रिले, म्हणजे बारीक करंटवर मोठा करंट चालू-बंद करणारे स्विच, एक अप्परचा, एक डिपरचा. आज निळ्या वायरीचा सगळा करंट बॅटरीकडून डॅशमधल्या स्विचपर्यंत, तिथून डिपर स्विचपर्यंत आणि मग पुन्हा नाकापर्यंत असा फिरून येतो. त्या स्विचच्या आतली पितळी पट्टी साठ वर्षं दहा अँपिअर वाहून काळी पडली आहे. रिले लावला की स्विचवरून जातो तो अर्ध्या अँपिअरहूनही कमी. निळी-पांढरी आणि निळी-लाल, दोन्हींची नाकाजवळची टोकं आपापल्या रिलेच्या ८६ नंबरच्या पिनला; ८५ अर्थला; ३०ला सोलेनॉइडपासून आणलेली नवी, फ्यूज घातलेली वायर; ८७मधून डाव्या आणि उजव्या दिव्याला वेगवेगळी वायर, प्रत्येकीवर स्वतंत्र फ्यूज. असं केलं की एक फ्यूज उडाला तरी बुटीबोरीजवळ रात्री ट्रकच्या रांगेत तुम्ही एकदम अंधारात जात नाही. मूळ गाडीत हेडलाइटला फ्यूजच नव्हता. दिवे सात इंची गोल, म्हणून ६०/५५ वॅटचा एच४ चालणारा रिफ्लेक्टर सहज मिळतो. याहून जास्त वॅटचे बल्ब मागाल तर मी लावून देत नाही, रिफ्लेक्टरचा मुलामा करपतो.

फ्यूजबद्दल एक गोष्ट जी नव्या मुलांना माहीत नसते. मूळ बॉक्समध्ये दोनच फ्यूज, प्रत्येकावर ३५ लिहिलेलं. तो आकडा ब्रिटिश पद्धतीनं फ्यूज उडण्याचा आहे. सतत वाहायची त्याची ताकद जेमतेम १७. आपल्याकडे मिळणाऱ्या ब्लेड फ्यूजवरचा आकडा सतत वाहण्याचा. म्हणून ३५च्या जागी ३५चा ब्लेड घातला की तुम्ही दुप्पट करंटला परवानगी दिली, आणि फ्यूजआधी वायर जळते. १५ किंवा २० घाला. मी काय करतो, तर मूळ दोन फ्यूजचा बॉक्स दिसायला तसाच ठेवतो आणि हातमोज्यांच्या कप्प्यामागे आठ खणांचा ब्लेड बॉक्स लपवतो. पेट्रोल पंप, वायपर, ब्रेकलाइट, इंडिकेटर, हॉर्न, पार्किंग डावीकडचे, पार्किंग उजवीकडचे, आणि एक मोकळा. पंपाच्या पांढऱ्या वायरीला मूळ गाडीत फ्यूज नाही हे मला कधीच पटलं नाही. तिथे एक इनर्शिया स्विचही टाका. धडक बसली की पंप आपोआप बंद. गाडी चोरीला जाऊ नये म्हणून छुपा स्विचही याच वायरीवर चांगला बसतो.

जोडांबद्दल. एमजीत सगळीकडे गोल टोकाचे बुलेट आणि त्यांच्या रबरी नळ्या आहेत. पद्धत चांगली आहे, फक्त नव्या वापरा आणि नव्या बुलेटला योग्य जबड्याचा क्रिंपिंग पान्हा. साध्या पक्कडीनं दाबलेला जोड वर्षभरात ढिला होतो. लाल-निळ्या प्लॅस्टिकचे, कापून दाबायचे झटपट जोड या गाडीत बघितले की मी काहीही न बोलता कापतो. फायरवॉलमधून, म्हणजे इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्यातून, वायर जिथे जाते तिथल्या रबरी कड्या सगळ्या बदला, जुन्या दगड झाल्या असतील आणि त्यांच्या मागे पत्र्याची धार आहे. उंदरांचाही विचार करा. पोर्चमध्ये उभ्या गाडीला पावसाळ्यात ते हमखास येतात. वायरीच्या गुच्छावर घट्ट विणीचं आवरण चढवा आणि गाडीत बिस्किटाचा चुरा राहू देऊ नका. बाजारातले वासाचे फवारे मी वापरून पाहिले. उंदीर आठ दिवस लांब राहतात, मग सवय होते.

बाकीचं पटकन. मागच्या लाल काचेत लाल एलईडी घाला, पांढरा घातला तर गुलाबी दिसतो. इंडिकेटरला एलईडी घातले की जुना तापून टिकटिकणारा फ्लॅशर थांबतो किंवा वेड्यासारखा पळतो. इलेक्ट्रॉनिक फ्लॅशर घ्या, त्याला तिसरी, अर्थची वायर लागेल. पेट्रोलच्या काट्यामागे १० व्होल्टचा एक छोटा स्टॅबिलायझर आहे, आत तापून उघड-मीट होणारी पट्टी. त्याच डबीत १० व्होल्टची रेग्युलेटर आयसी बसते, सीताबर्डीतल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात वडापावच्या किमतीत मिळते, पण फक्त मायनस अर्थ झाल्यावर. आतली पट्टी काढून आयसी पत्र्याला स्क्रूनं बसवली की काटा नाचायचा थांबतो. ठिणगीची वेळ साधणारे पॉइंट काढून इलेक्ट्रॉनिक इग्निशन बसवायला हरकत नाही. मात्र कॉइलचा रेझिस्टन्स मीटरनं मोजा, तुमच्या गाडीला तीन ओहमच्या आसपासची कॉइल हवी. दीड ओहमची लावली तर मॉड्यूल, म्हणजे त्या इग्निशनची इलेक्ट्रॉनिक डबी, तापून जातो. टॅको काही-काही मॉड्यूलांशी पटवून घेत नाही, ती शक्यता धरून चला. इंजिन बंद असताना किल्ली चालू ठेवून गाणी ऐकू नका. आणि जुने पॉइंट, कंडेन्सर एका डबीत घालून गाडीतच ठेवा. रामटेकच्या वाटेवर मॉड्यूल गेला तर वीस मिनिटांत तेच तुम्हाला घरी आणतील.

मित्राच्या किमतीच्या भीतीबद्दल: २०२१च्या केंद्राच्या नियमांनुसार पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षांहून जुनी गाडी व्हिंटेज म्हणून नोंदवता येते, नंबरात 'व्हीए' अक्षरं येतात. त्यात भर आहे तो चेसिस, बॉडी आणि इंजिनमध्ये बदल नसण्यावर. वेगळी ब्रॅकेट लावून बसवलेला अल्टरनेटर आणि लपवलेला फ्यूज बॉक्स परत काढता येतो. तरीही अर्ज करायच्या आधी आरटीओत एकदा विचारून घ्या, आणि काढलेला डायनामो, कटआउटची आतली यंत्रणा, जुना हार्नेस हे सगळं पोत्यात भरून, नावाची चिठ्ठी लावून माळ्यावर ठेवा. भंगारवाल्याला देऊ नका. पुढच्या मालकाला तेच पोतं किमतीत मोजून मिळतं.

कागदाचं काम कंटाळवाणं आहे, पण त्यात टाळाटाळ करू नका. मूळ डायग्रामची मोठी झेरॉक्स काढा, त्यावर लाल पेननं तुम्ही घातलेला प्रत्येक रिले, प्रत्येक फ्यूज आणि नव्या वायरीचा रंग लिहा. नवी वायर जुन्या रंगातच घ्या. फ्यूजनंतरची जिवंत वायर जांभळी, किल्लीनंतरची फ्यूजवाली हिरवी, इंग्लंडच्या चित्रात असते तशी. बाजारात लाल-काळीच मिळाली तर दोन्ही टोकांना रंगीत स्लीव चढवा. कागद लॅमिनेट करून सीटमागच्या कप्प्यात ठेवा.

आणि सगळं झाल्यावर, पहिल्यांदा बॅटरी जोडताना, क्लॅम्प सरळ चढवू नका. २१ वॅटचा ब्रेकलाइटचा एक बल्ब घ्या, त्याला दोन वायरी लावा आणि तो बॅटरीचं मायनस टोक आणि अर्थची केबल यांच्यामध्ये धरा. किल्ली बंद, दारं बंद, सगळे स्विच बंद. बल्ब झगझगीत पेटला तर कुठेतरी थेट शॉर्ट आहे, आणि जळायची वेळ आली तर जळेल तो दहा रुपयांचा बल्ब, हार्नेस नाही. मंद पेटला तर आतला दिवा किंवा म्युझिकची मेमरी ओढत असेल, ती शोधा. मग एकेक फ्यूज घालत जा आणि दर वेळी बल्बकडे बघा. मी हे काम संध्याकाळी, दुकानातली ट्यूबलाइट मालवून करतो, म्हणजे बल्बची नुसती तार लाल झाली तरी दिसते. सगळे फ्यूज आत गेले आणि बल्ब काळाच राहिला, की मग क्लॅम्प चढवा आणि दहाच्या पान्ह्यानं आवळा.